एटापल्लीचं जंगल, जगाचा हिशोब

हवेत कोणी किती धूर सोडायचा, हे जगात ठरतं कसं? 1997च्या क्योटो करारात चक्क घासाघीस झाली. युरोपीय संघानं 8 टक्के कपात कबूल केली, जपाननं 6 टक्के. आइसलँडला मात्र 10 टक्के आणि ऑस्ट्रेलियाला 8 टक्के वाढीची मुभा! भारतावर बंधन नव्हतं, आणि ते योग्यच होतं. आजही एक भारतीय वर्षाला सुमारे 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, एक अमेरिकी त्याच्या सातपट.

2015च्या पॅरिस करारानं रीतच बदलली. आता प्रत्येक देश आपला आकडा आपणच लिहितो. भारतानं 2022 मध्ये सुधारून लिहिलं : 2030 पर्यंत जीडीपीमागचं उत्सर्जन 2005च्या तुलनेत 45 टक्क्यांनी घटवू. नीट वाचा, हे एकूण उत्सर्जन नव्हे. उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन घटलं, तरी एकूण आकडा वाढू शकतो.

दुसरं वचन थेट गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्याच्या दारात येतं. जादा जंगल आणि झाडांमधून 2030 पर्यंत 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचं! गडचिरोली हा महाराष्ट्रातला सर्वाधिक वनाच्छादनाचा जिल्हा. पण गंमत पाहा : सरकारी वनसर्वेक्षणात किमान 1 हेक्टर जागेवर 10 टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कुठलं, याला महत्त्व नाही. म्हणजे निलगिरीची लागवड आणि माडिया आदिवासींचं मोह-तेंदूचं रान एकाच यादीत बसतात. मला हे पटत नाही. लागवडीतून मोहफुलं आणि तेंदूपानं मिळत नाहीत, गावाचा हंगाम चालत नाही.

याच तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज निघतं. त्याचं पोलाद करणाऱ्या कारखान्यातला धूर कारखाना ज्या देशात, त्याच्या खात्यावर पडतो. पोलाद परदेशात विकलं तरीही. पोलाद मंत्रालयाच्या डिसेंबर 2024च्या व्याख्येनुसार टनामागे 2.2 टनांहून कमी उत्सर्जन असलेलं पोलाद ‘हरित’ ठरतं. खाणीसाठी तोडलेलं झाड या मोजणीत येत नाही.

देशादेशांतल्या न्याय्य वाटणीसाठी भारत हक्कानं भांडतो, ते रास्तच आहे. तोच न्याय देशाच्या आतही लागू करावा. 2006च्या वनहक्क कायद्यानं आणि आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यानं ग्रामसभांना अधिकार दिले आहेत. जंगलाच्या भरवशावर पुढचं वचन देण्याआधी सरकारनं एटापल्लीच्या ग्रामसभांना विचारावं.