बेण्यातला लपलेला रोग आणि पीसीआरची परीक्षा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सभासदाचा बेणे प्लॉट मी स्वतः फिरून पाहिला. ऊस दहा महिन्यांचा, पेरे लांब, पाने हिरवीगार. मी 'बेण्यास योग्य' असा शेरा मारून सही केली. त्या बेण्यावर पाच-सहा जणांनी लागणी केल्या. लागणीचा ऊस बराही आला. पण खोडवा राखला आणि दोन महिन्यांत बेटाबेटांतून गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे निघू लागले. काहींनी केवडा समजून हिराकस फवारले, पण पाने हिरवी झाली नाहीत. ती गवताळ वाढ होती. खोडवे मोडावे लागले. त्यातले एक वडीलधारे सभासद मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुमच्या सहीवर बेणं नेलं होतं."

त्यांचे खरे होते. पण त्या दिवशी त्या उसात डोळ्यांना दिसण्यासारखे काही नव्हतेच. मग न दिसणारा रोग ओळखायचा कसा? त्याचीच माहिती आज देत आहे.

रोग दडतो कोठे?

गवताळ वाढ फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवामुळे होते. तो उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखू येत नाही. लागणीच्या उसात तो गुपचूप राहू शकतो आणि खोडव्यात डोके वर काढतो. खोडवा खुजा रोग तर याहून चोरटा. त्यात बाहेरून ओळखीचे लक्षणच नसते, ऊस नुसता बारीक व आखूड राहतो. आपण पाण्याला नाहीतर खताला दोष देतो.

मात्र प्रत्येक जिवाजवळ त्याचा स्वतःचा दाखला असतो, तो म्हणजे डीएनए. जनुके याच डीएनएवर लिहिलेली असतात. अडचण एवढीच की उसाच्या पानातून काढलेल्या डीएनएच्या ढिगात रोगजंतूचा डीएनए चिमूटभरही नसतो. तो शोधायचा तर आधी वाढवावा लागतो. हे वाढविण्याचे काम पीसीआर, म्हणजे पॉलिमरेज चेन रिअॅक्शन करते. हे नाव आपणांस नवे नाही. २०२० साली कोरोनात नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी होत असे, ती हीच.

एकाचे दोन, दोनाचे चार

डीएनए म्हणजे दोन पेडांची पिळाची दोरी समजा. दोन्ही पेडांवर ए, टी, जी, सी अशी चार अक्षरे. एका पेडावर ए असेल तर समोर टीच येणार. जी असेल तर सीच येणार. त्यामुळे एक पेड हाती असला की दुसरा कसा असणार हे ठरलेलेच असते. सारी युक्ती एवढ्यावर आहे.

छोट्या नळीत पानातला डीएनए, चार अक्षरांचा सुटा कच्चा माल, जोडणी करणारे पॉलिमरेज नावाचे विकर आणि 'प्रायमर' घालतात. प्रायमर म्हणजे साधारण वीस अक्षरांचे तयार तुकडे. ते दोन प्रकारचे असतात आणि रोगजंतूच्या ठराविक जनुकाच्या दोन टोकांनाच बसतील असे बनवितात. शेताच्या हद्दीचे दोन दगड म्हणा ना. या दोन दगडांमधलीच नक्कल निघते. साऱ्या गावाचे दप्तर न उतरविता एकाच गटाचा सातबारा काढावा, तसे हे आहे.

मग यंत्र तीन पायऱ्या चालविते. प्रथम ९४-९५ अंश सेल्सिअस उष्णता देऊन दोरीचे पेड सुटे करते. नंतर ५० ते ६० अंशांवर आणते. तेव्हा प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. पुढे ७२ अंशांवर विकर प्रायमरपासून सुरुवात करून समोरचा पेड अक्षराक्षराने विणत जाते. झाले, एका दोरीच्या दोन दोऱ्या! हीच फेरी पुन्हा केली की चार, पुन्हा केली की आठ. दहा फेऱ्यांत १,०२४, वीस फेऱ्यांत सुमारे साडेदहा लाख आणि तीस फेऱ्यांत हिशेबाने १०७ कोटींच्या वर. प्रत्यक्षात थोडी घट येते, पण दोन-तीन तासांत काम उरकते. मग जेलीसारख्या थरातून वीजप्रवाहाने हा माल सरकवून, रंग लावून, अतिनील प्रकाशात पाहिला की ठराविक जागी चमकणारी पट्टी दिसते. पट्टी दिसली म्हणजे नमुन्यात रोगाचा डीएनए आहे.

ही कल्पना अमेरिकेतील कॅरी मुलिस या रसायनशास्त्रज्ञास १९८३ साली कॅलिफोर्नियात रात्री मोटार चालवीत असताना सुचली. १९९३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गरम झऱ्याची देणगी

सुरुवातीस एक मोठी खोट होती. ९४ अंशांना विकरच निकामी होई, म्हणून प्रत्येक फेरीला ते नव्याने घालावे लागे. तोड निघाली ती भलतीकडूनच. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ अमेरिकेतील यलोस्टोन येथील गरम पाण्याच्या झऱ्यांतून जिवाणू गोळा करीत होते. त्यांतल्या 'थर्मस अॅक्वाटिकस' या जिवाणूचे विकर उकळीजवळच्या उष्णतेतही टिकते. तेच 'टॅक' विकर पीसीआरला लागू पडले आणि काम यंत्रावर सोपविता आले.

ही परीक्षा कोठे अपुरी पडते?

यंत्र सांगते ते फक्त दिलेल्या नमुन्यापुरते. फायटोप्लाझ्मा सर्व बेटांत नसतो, एका बेटातही सारखा पसरलेला नसतो. एक पान आणून साऱ्या प्लॉटचा दाखला मागू नये. दुसरे असे की, नमुना घेताना दुसऱ्या उसाचा अंश मिसळला तर त्याचीही कोट्यवधी पटीने नक्कल होते व निकाल चुकतो. तिसरे, पिवळ्या पानांच्या रोगाचा विषाणू आरएनएचा असतो. त्याचा आधी डीएनए बनवून मग परीक्षा करावी लागते. आरटीपीसीआरमधील 'आरटी' ते हेच.

आपला बेणे मळाही साखळीच

बंधूंनो, मूलभूत, पायाभूत व प्रमाणित बेण्याची त्रिस्तरीय पद्धत आपण जाणता. एका एकरातून आठ-दहा एकर, त्यातून पुढे ऐंशी-शंभर एकर. मळ्याची ही वाढही पीसीआरसारखीच पटीने होते. फरक असा की प्रयोगशाळेत रोग नळीत वाढतो, तर मळ्यात तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रानात जातो. म्हणून परीक्षा साखळीच्या तोंडाशी व्हावयास हवी. ऊती संवर्धित रोपे ज्या मातृरोपापासून होतात ते एक मातृरोप तपासणे शक्य आहे. शंभर एकर तपासणे शक्य नाही. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली अशा रोपांसाठी प्रमाणीकरणाची पद्धत सुरू केली, ती याचसाठी.

आपण करावयाचे ते असे. ऊती संवर्धित रोपे घेताना प्रमाणपत्र मागावे. मागण्यात संकोच नको. मूलभूत बेण्यास ५४ अंश सेल्सिअसला १५० मिनिटे बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया झालेली असावी. खोडव्याचे बेणे वापरू नये. बेणे प्लॉटमध्ये दर महिन्यास फेरी मारावी, गवताळ बेट दिसताच मुळासकट काढून जाळावे. आणि त्याच बेण्याचा खोडवा कसा आला हे आम्हांस कळवावे. बेण्याचा खरा हिशेब तेथेच लागतो.

त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या बोलण्यानंतर मी एक नियम केला आहे. बेण्याच्या शेऱ्यावर सही करण्यापूर्वी ते बेणे मूळ कोठून आले याचा कागद पाहतो. कागद नसेल तर ऊस कितीही देखणा असला तरी सही करीत नाही. याबद्दल कोणी रागावू नये.

— ऊस विकास अधिकारी