मॉड-पर्लमधील दोषनिवारण

मॉड-पर्ल : अपाचे या वेब सर्व्हरमध्ये पर्ल भाषेचा इंटरप्रिटर अंतर्भूत करणारे मोड्यूल. पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसृत केली. अपाचे १९९५ मध्ये व मॉड-पर्ल १९९६ मध्ये पुढे आले. मॉड-पर्लची दुसरी प्रमुख आवृत्ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली.

सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रक्रिया सुरू होते आणि उत्तर पाठविताच संपते. तिच्याबरोबर चलांची मूल्येही नष्ट होतात. मॉड-पर्लमध्ये आज्ञावली एकदाच संकलित होऊन स्मृतीत राहते. त्यामुळे वेग पुष्कळ वाढतो. परंतु बहुतेक दोषांचे मूळही यातच असते.

चलांचे दोष : सार्वत्रिक चलातील मूल्य पुढील विनंतीपर्यंत टिकते. समजा, भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील बडनेरा प्रस्थानकाहून आरक्षण करणाऱ्या प्रवाशाचे नाव अशा चलात राहिले, तर ते अकोल्याच्या दुसऱ्या प्रवाशाच्या पडद्यावर उमटू शकते. सर्व्हरच्या प्रत्येक उपप्रक्रियेची स्मृती स्वतंत्र असल्याने हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. म्हणून परीक्षणासाठी सर्व्हर एकाच प्रक्रियेत चालवितात. चले स्थानिक ठेवणे हा मुख्य उपाय होय. तथापि रजिस्ट्रीखाली चालणाऱ्या आज्ञावलीत नामांकित उपआज्ञावली बाहेरील स्थानिक चलाची पहिलीच प्रत धरून ठेवते. अशा वेळी मूल्य प्राचल म्हणून सुपूर्द करावे लागते.

सत्रांचे दोष : एचटीटीपी संकेतात एका विनंतीचा दुसरीशी संबंध राहत नाही. तो जोडण्यासाठी कुकीतून सत्रक्रमांक पाठवितात व माहिती सर्व्हरवर साठवितात. अपाचे-सेशन या मोड्यूलला केवळ वरच्या पातळीवरील बदल कळतात. आतील रचनेत केलेला बदल जतन होत नाही. त्यासाठी वरच्या पातळीवर वेळेची नोंद बदलतात. सत्राचा दुवा सार्वत्रिक चलात अडकल्यास त्यावरील कुलूप सुटत नाही आणि त्याच सत्राच्या पुढील विनंत्या खोळंबतात.

दोषशोधन : विनंती ही ओळख, अधिकार, प्रतिसाद, नोंद इ. टप्प्यांतून जाते. प्रथम त्रुटिनोंदी वाचून दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे ठरवितात. मोड्यूलमध्ये केलेली दुरुस्ती सामान्यतः सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. मात्र पुन्हा सुरू करताच स्मृती रिकामी होऊन दोषही तात्पुरता लोपतो. त्यास निवारण समजणे योग्य नव्हे.