बंदी उठण्याआधी आउटबोर्ड इंजिनाकडे बघा. ही कामं घरच्या घरी होतात

मालवण : पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला संपते. या दोन महिन्यांत मालवण, देवगड, वेंगुर्ला तालुक्यांच्या किनाऱ्यावर जाळी शिवून होतात, होडीला रंग लागतो, तळ घासून होतो. राहतं ते आउटबोर्ड मशीन. जूनच्या आधी होडीवरून उतरवलं आणि पडवीच्या कोपऱ्यात उभं केलं, ते तिथेच. ऑगस्ट उजाडला की तेच मशीन उचलायचं, होडीला लावायचं आणि दोरी ओढायची. चार ओढीत सुरू झालं तर ठीक. नाही झालं तर ठरलेला संवाद : "काल तर बरा चलत होता, आज काय झाला?"

खरं तर काल ते बरं नव्हतंच. आउटबोर्ड इंजिन चालून जेवढं झिजत नाही, तेवढं मीठ अंगात घेऊन पडून राहिल्याने बिघडतं. आणि ते बंद पडतं ते नेमकं नको त्या ठिकाणी. मालवण बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. वारा किनाऱ्याकडे असताना तिथे मशीन बंद पडलं तर वल्ही मारायलाही वेळ मिळत नाही. त्यामुळे हा विषय फक्त दुरुस्तीच्या खर्चाचा नाही.

चांगली गोष्ट अशी की, समुद्रात मशीन बंद पडण्यामागची बरीच कारणं साधी असतात : पेट्रोलमध्ये पाणी, खराब प्लग, झिजलेला इम्पेलर, गिअरमध्ये शिरलेलं खारं पाणी. ही चारही कारणं पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा दिवस हाताशी असेल तर घरच्या घरी तपासता येतात. ९.९ एचपीपासून ४० एचपीपर्यंतच्या इंजिनांना पुढची कामं थोड्याफार फरकाने सारखीच लागू होतात. मात्र ऑइलचं माप, प्लगचा नंबर, प्लगमधली फट हे सगळं आपापल्या मशीनच्या पुस्तकात बघूनच ठरवा.

हात लावण्याआधी

मशीन मजबूत लाकडी घोडीवर सरळ उभं करा. लाल सुरक्षा दोरी काढून टाका आणि प्लगची टोपी ओढून बाजूला करा. पंखा हाताने फिरवताना इंजिन चुकून पेटलं तर बोटं जातात, म्हणून हे आधी. पेट्रोलचं काम उघड्यावर करा आणि आसपास बिडी-सिगारेट नको.

पहिलं काम : गिअर ऑइल

पंख्याच्या पुढे जो फुगीर भाग आहे, त्यात गिअर असतात. त्याला दोन स्क्रू दिसतील, एक खाली आणि एक वर. काही इंजिनांत त्यांच्या जवळच आणखी एक स्क्रू असतो आणि त्याचा संबंध गिअर टाकण्याच्या यंत्रणेशी असतो. तो उघडू नका. कुठला स्क्रू कशाचा हे पुस्तकातल्या चित्रात बघून घ्या.

खाली भांडं ठेवून आधी खालचा स्क्रू काढा, मग वरचा. वरचा काढल्यावर हवा आत जाते आणि ऑइल धारेने खाली येतं. आता ते नीट बघा. काळपट किंवा तपकिरी असेल तर नेहमीचं आहे. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. ऑइलच्या आधी नुसतं पाणीच आलं तरी अर्थ तोच. अशा वेळी नवं ऑइल भरून भागत नाही. ऑइल सील गेलेलं असतं आणि ते मेस्त्रीकडून बदलून घ्यावं लागतं. बारीक चुरा निघणं चालतं, पण धातूचे तुकडे निघाले तर मशीन थेट मेस्त्रीकडे न्या.

नवं ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरायचं. वरून भरलं तर हवा आत अडकते आणि भरल्यासारखं वाटूनही ऑइल कमी राहतं. ट्यूब किंवा हातपंप खाली लावून वरच्या भोकातून ऑइल बाहेर येईपर्यंत भरा. मग आधी वरचा स्क्रू लावा आणि नंतर चटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे टाका. वॉशरची किंमत किरकोळ असते, पण जुन्या दबलेल्या वॉशरमधूनच पाणी आत जातं. ९.९ एचपीच्या इंजिनाला साधारण पाव लिटरच्या आसपास ऑइल लागतं. दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी ते बदलावं. ऑइल आउटबोर्डच्या गिअरचंच घ्या, रिक्षा-टेम्पोचं नको.

निघालेलं जुनं ऑइल खाडीत किंवा पुळणीत ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

पंखा काढा, तंगूस शोधा

पिन सरळ करून काढा, नट सोडा आणि पंखा मागे ओढा. शाफ्टला तंगूस गुंडाळलेला असेल तर तो कापून काढा. बाहेरून काही दिसत नाही, पण हाच तंगूस फिरता फिरता आतलं ऑइल सील कापतो, तिथून खारं पाणी गिअरमध्ये जातं आणि ऑइल दुधाळ होतं. जाळ्यावरून एकदा मशीन गेलं असेल तर त्याच आठवड्यात पंखा काढून बघावा.

शाफ्ट पुसून मरीन ग्रीस लावा. ग्रीस नसलं तर पंखा शाफ्टला गंजून चिकटतो आणि पुढच्या वेळी हातोडीशिवाय निघत नाही. पंख्याच्या पात्याला मोठी खोक असेल तर मशीन थरथरतं आणि इंधनही जास्त खातं. लावताना वाकलेली जुनी पिन परत वापरू नका.

प्लग काय सांगतो

प्लग काढून टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन व्यवस्थित जळतंय. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय किंवा मशीन फार वेळ हळू चाललंय. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय. कारण कमी इंधन असेल किंवा थंड करणारं पाणी पोहोचत नसेल.

प्लग बाहेर असतानाच दोरी हळू ओढून बघा. इंजिन मोकळं फिरायला हवं. अडकत असेल तर जोर लावू नका, मेस्त्रीला दाखवा. नवा प्लग आधी हाताने आटे बसवून लावा आणि शेवटी पान्याने आवळा. एक जादा प्लग आणि प्लगपाना होडीत कायम असावा.

जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका

सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. दमट पावसाळ्यात दोन महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जमत जातं आणि प्रमाण वाढलं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. इंजिनाची नळी तळातूनच ओढते. म्हणजे दोरी कितीही ओढली तरी कार्ब्युरेटरला पाणीच मिळतं.

म्हणून मेमधलं उरलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नका. टाकी रिकामी करा, आतून कोरडी करा, फिल्टर उघडून बघा. रबरी नळी आणि हातपंपाचा फुगा दाबून बघा. चिरा पडल्या असतील किंवा रबर चिकट झालं असेल तर बदला.

टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात ऑइलचं प्रमाण बहुतेक ठिकाणी ५० ला १ असतं. म्हणजे १ लिटरला २० मिली, १० लिटरला २०० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. हे माप अंदाजाने नको, मापाची बाटली वापरा. ऑइलच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं हवं. मोटारसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं, पण ते हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी बनवलेलं असतं. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनमध्ये त्याची काजळी साठते.

केरोसीनवर चालणाऱ्या मशीनला मिश्रणाचं प्रमाण वेगळं असू शकतं, ते पुस्तकात बघा. ते सुरू पेट्रोलवर करायचं आणि बंद करण्याआधीही थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं. कार्ब्युरेटरमध्ये केरोसीन राहिलं तर दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होताना त्रास देतं.

फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. त्याचं इंजिन ऑइल वेगळं असतं आणि तेही साधारण दर १०० तासांनी बदलावं लागतं.

आता पिंपात सुरू करून बघा

मोठ्या पिंपात गोडं पाणी भरा. पाणी ओढून घेणाऱ्या जाळीच्या बरंच वर पाणी असायला हवं. पंखा काढून ठेवलेला बरा. मशीन न्यूट्रलमध्ये ठेवून सुरू करा. मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडायला लागली पाहिजे. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. धार जोरात असेल तर पाणी आत फिरतंय.

धार आली नाही तर मशीन लगेच बंद करा. आधी भोकात बारीक तार घालून बघा, मीठ किंवा मातीने ते बुजलेलं असतं. तरीही धार नाही तर इम्पेलर गेला असं समजा. इम्पेलर म्हणजे पाणी ओढणारी रबराची छोटी चक्री. आपल्याकडे होडी पुळणीवरून लोटली जाते आणि उथळ पाण्यातच मशीन चालू होतं. त्यामुळे वाळू आत जाते आणि चक्रीची पाती घासतात. वर्षातून एकदा ती बदलणं शहाणपणाचं. त्यासाठी मशीनचा खालचा भाग उतरवावा लागतो, म्हणून पहिल्या वेळी मेस्त्रीच्या शेजारी बसून शिकून घ्या.

आणि कोरड्यावर मशीन कधीच सुरू करू नका, 'फक्त आवाज ऐकायला' म्हणूनही नाही. पाण्याशिवाय ही रबरी चक्री काही सेकंदांतच खराब होऊ लागते.

ॲनोड आणि ग्रीस

मशीनच्या खालच्या भागाला राखाडी धातूचा एक तुकडा लावलेला असतो, तो ॲनोड. खाऱ्या पाण्यात आधी तो झिजतो आणि बाकीचं मशीन वाचतं. अर्ध्याहून जास्त झिजला की बदला. हौसेने त्यावर रंग मारू नका, रंग लागला की त्याचं काम थांबतं. वळवण्याच्या आणि वर उचलण्याच्या सांध्यांना, तसंच होडीला आवळायच्या स्क्रूंना ग्रीस द्या.

हंगामात रोजचं एकच काम

किनाऱ्यावर आल्यावर पिंपात पाच ते दहा मिनिटं गोड्या पाण्यावर मशीन चालवा. इंजिन गरम झाल्यावरच पाणी आतल्या सगळ्या वाटांनी फिरतं, म्हणून एका मिनिटात उरकू नका. नंतर मशीन सरळ उभं ठेवून पाणी निथळू द्या. झाकण काढून आतला भाग ओल्या फडक्याने पुसा, पण आत पाण्याचा फवारा मारू नका. रोज जमत नसेल तर होडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तेव्हा तरी हे चुकवू नका.

मेस्त्रीकडे कधी जायचं

दुधाळ ऑइल, गिअर टाकताना कडकड आवाज, इंजिन तापणं, नव्या प्लगवरही ठिणगी नसणं ही कामं मेस्त्रीची. कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं झालं की हिशोबच बिघडतो. मशीन वॉरंटीत असेल तर तिच्या अटी आधी वाचा.

पुढच्या मेमध्ये ठेवताना

गोड्या पाण्यावर धुऊन झालं की नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपू द्या. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं टू-स्ट्रोक ऑइल टाका, दोरी हळू ओढून ते आत फिरवा, प्लग परत लावा. गिअर ऑइल तेव्हाच बदला, पाणी मिसळलेलं ऑइल दोन महिने आत ठेवलं तर गिअर गंजतात. मशीन उभं ठेवा आणि सुती कापडाने झाका. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो. उंदीर वायरी कुरतडतात, तेही अधूनमधून बघत राहा.

निघताना

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. किनारा दिसेल एवढ्या अंतरावर अर्धा तास मशीन चालवून बघा, धारेवर नजर ठेवा. समुद्रात धार थांबली तर मशीन बंद करून वर उचला. पाणी घेणाऱ्या जाळीला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली असणं हे नेहमीचं कारण आहे.

लाल सुरक्षा दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला बांधा. चालवणारा पाण्यात पडला तर हीच दोरी मशीन बंद करते. वल्ही, नांगर, जादा प्लग, पिन आणि पाना होडीत असू दे. आणि अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक होडीच्या आतल्या बाजूला रंगानेच लिहून ठेवा. मोबाइल भिजला तरी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावता येतील.