हिवरखेडहून निघा, वाचनालयं बघत चला

मंडळी, आपल्या हिवरखेडपासून तेल्हारा, अकोट, अकोला असं फिरताना देवळं आणि बाजार बघतोच, तसं एकदा त्या त्या गावच्या वाचनालयातही डोकवा. मला हा नाद लागलाय आणि तो तुम्हालाही लागावा, असं मनापासून वाटतं.

आधी थोडी माहिती. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. पाटीवरचा वर्ग वाचला की वाचनालयाच्या आवाक्याचा अंदाज येतो. पण वर्गावर जाऊ नका! 'ड' वर्गाच्या एका खोलीतही जुने दिवाळी अंक आणि गावच्या स्मरणिका सापडतात, ज्या मोठ्या शहरात मिळत नाहीत.

पुस्तक हातात घेतलं की आधी आतलं पान बघा. दाखल क्रमांक, वाचनालयाचा गोल शिक्का, शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. काही पुस्तकांवर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचा शिक्का दिसेल. कोलकात्याची ही संस्था १९७२ पासून देशभरच्या वाचनालयांना पुस्तकं पुरवते. म्हणजे तेवढ्या एका पानावर पुस्तकाचा सगळा प्रवास कळतो.

अकोल्यात बाबुजी देशमुख वाचनालय चुकवू नका. दीडशे वर्षांहून जुनी संस्था आहे, वऱ्हाडाचा अभिमान आहे.

वर्तमानपत्रं वाचायला सहसा सभासद व्हावं लागत नाही. पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि वर्गणी भरा. तुमच्या गावच्या वाचनालयाचं नाव, वेळ आणि एक फोटो खाली नक्की टाका.