सड्यावर बसल्याशिवाय दिसत नाही

गेल्या आठवड्यात एका वाचकाचं तक्रारवजा पत्र आलं. फोनवर आलेले फोटो पाहून ते मुलांना घेऊन रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर गेले, दोन तास फिरले, आणि त्यांना दिसलं काय, तर गवत, डबकी आणि चरणारी गुरं. ‘तुमची ती ऑर्किडं नक्की असतात कुठे?’

बहुधा तुमच्या चपलेखाली. दोष तुमचा नाही, फोटोचा आहे. मॅक्रो लेन्स लावली की नखाएवढं फूल पडदाभर होतं, आणि ‘दुर्मीळ ऑर्किड आढळले’ असा मथळा पडला की ते आणखी फुगतं. सड्यावरचं ऑर्किड, म्हणजे आमरी, वीत-दीड वीत उंचीची, हिरवट पांढरी आणि गवतात गवतासारखी उभी असते. एक जागा धरून खाली बसायचं आणि नजर गवताच्या कमरेला आणायची. दहा मिनिटांत पहिली दिसते, मग तिच्या आजूबाजूला आठ-दहा दिसतात. मघाशी त्यांच्यातूनच चालत आलो, हेही तेव्हाच कळतं.

तुम्ही गेलात ते गौरी-गणपती उलटल्यावर, म्हणजे वेळ तशी बरी होती. जूनमध्ये एकच पान जमिनीला चिकटवून फुलणारी हबे आमरी तोवर आटोपलेली असते, आणि आपल्या जिल्ह्याची शान असलेली पांढरी दीपकाडीही. पण सप्टेंबरात उशिराची पंगत बसते. दात घासायच्या ब्रशासारखी एकाच बाजूला फुलं लावणारी हबेनारिया हेनियाना, पिवळसर मार्जिनाटा, आणि माझी लाडकी लांबशेपटी, हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा. नाव जिभेला जड असलं तरी अर्थ सरळ आहे: लांब शिंगाची. फुलाच्या मागे एक बारीक नळी लोंबते. सरळ करून धरली तर ती बोटाहून लांब भरते. उजेडाकडे धरा, तळाशी मधाचा थेंब चमकतो.

हे नाव दिलं जॉन ग्रॅहॅमने, आणि तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. मुंबईत उप पोस्टमास्तर जनरल होता. टपाल सांभाळता सांभाळता त्याने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. 1839 साली ती छापली जात असतानाच तो गेला, आणि उरलेली पानं जोसेफ निम्मो या मित्राने पुरी केली. दीपकाडीचं पहिलं शास्त्रीय वर्णन करणारा निकोल डॅल्झेल जकात खात्यातला. कोकणच्या फुलांची पहिली दप्तरं अशी टपालवाल्यांनी आणि जकातवाल्यांनी लिहिली आहेत. त्यांना डोंगरात नेणारे, झाडाचं गावठी नाव सांगणारे गावकरी मात्र त्या दप्तरांत क्वचितच सापडतात.

एवढ्या लांब नळीचा उपयोग काय? इथे सगळे मादागास्करची गोष्ट सांगतात. 1862 साली डार्विनकडे तिथलं एक ऑर्किड आलं, फूटभर लांब नळीचं. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग मादागास्करात असला पाहिजे, असं त्याने लिहिलं. लोक हसले. 1903 साली पतंग सापडला. गोष्ट खरी आहे, पण तिच्यात डार्विनच्याच काळातला निसर्गाभ्यासक वॉलेस याला कुणी जागा देत नाही. हा पतंग हॉकमॉथांच्या कुळातला असणार, हे 1867 साली त्याने सांगितलं होतं. एवढंच नव्हे, गणिताच्या आधारे नेपच्यून शोधणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांइतक्याच भरवशाने निसर्गाभ्यासकांनी हा पतंग शोधावा, असंही त्याने बजावलं होतं. ग्रहाच्या तोडीचा पतंग! मला डार्विनच्या भाकितापेक्षा ही उपमाच जास्त आवडते.

डार्विनचं खरं कौतुक मी दुसऱ्याच गोष्टीसाठी करतो. त्याने टोकदार पेन्सिल घेतली आणि ती पतंगाच्या सोंडेसारखी एका इंग्लिश ऑर्किडच्या फुलात सारली. बाहेर काढली तर टोकाला परागांची पिशवी चिकटलेली, ताठ उभी. पाहता पाहता, साधारण अर्ध्या मिनिटात, ती पुढे वाकून आडवी झाली. उभीच राहिली असती, तर पुढच्या फुलात जाऊन पुन्हा परागांच्याच जागी आपटली असती. वाकल्यामुळे ती नेमकी स्त्रीकेसराच्या चिकट भागावर टेकते. पतंगाला दुसऱ्या फुलाकडे जायला जेवढा वेळ लागेल, त्या बेताचा हा विलंब. असं घड्याळ वीतभर रोपाच्या फुलात बसवलेलं असतं, आणि आपण शेजारून चालत जातो.

पराग पोचले की बोंड धरतं. त्यात हजारो बिया, धुळीसारख्या. भाताच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी असते, आमरीच्या बीमध्ये ती नसतेच. मग रुजतं कसं? हे कोडं सोडवलं नोएल बर्नारने, आणि त्याच्यासाठी माझा जीव तुटतो. 1899 सालचा मे महिना, हा तरुण फ्रान्समध्ये सक्तीची लष्करी सेवा करत होता. फाँतेनब्लोच्या जंगलात हिंडताना त्याला पाचोळ्याखाली गाडलेला ऑर्किडचा दांडा सापडला. बोंडातल्या बियांना कोंब फुटले होते आणि प्रत्येक कोंबात एक बुरशी शिरलेली होती. त्याने पुढे बुरशी वेगळी वाढवली, बियांना दिली आणि दाखवून दिलं, की बीला पहिला घास बुरशीच भरवते. 1911 साली, छत्तिशीत, तो गेला. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुइस नडसनने साखर घातलेल्या जेलीवर बिया रुजवल्या आणि बुरशीची गरजच काय, असं लोकांना वाटू लागलं. दुकानातली आजची ऑर्किडं त्या बाटल्यांच्या वंशातली आहेत. सड्यावर मात्र साखरेची जेली कुणी ओतत नाही.

म्हणून ‘एक रोप मुळासकट आणून कुंडीत लावू का’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नको असं आहे. रोप येईल, ती बुरशी आणि ती माती येणार नाही. आणखी एक कारण मातीखाली आहे. या आमऱ्यांना दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, या पावसात खर्ची पडून सुरकुतलेला. दुसरा नवा, पुढच्या पावसासाठी भरत आलेला. फुलं सुकू लागतात तेव्हा नव्या कंदाची भरणी चालू असते. त्या आठवड्यात रोप उपटणं म्हणजे दिवाळीआधी दुकानदाराचा गल्ला उचलण्यासारखं आहे.

आमरीच्या शेजारणींकडेही बघा. पाणी झिरपतं तिथे सीतेच्या आसवांचा जांभळा पट्टा असतो. ओल्या मातीत तिच्या मोहरीहून लहान पिशव्या दडलेल्या असतात. त्या एका मिलिसेकंदाच्या आत जीव आत ओढून घेतात. जांभ्याच्या मातीत खत नाही, मग मांसाहार आला. आणि परतताना आंब्याच्या खोडावर रास्ना दिसली तर बांडगूळ म्हणून खरवडू नका. बांडगूळ झाडाचा रस पितं, रास्ना नुसती फांदीवर बसते. बागायतदारांना हे सांगून मी थकलो. तेही त्यांच्या जागी फार चूक नाहीत, कारण बांडगुळाने कलमं जातातच. पण दोन्हींना एकच कोयता लागतो.

चिऱ्याच्या खाणी आणि सुरुंग लावून खड्डे काढलेल्या कलमांच्या बागा यांच्यात सडे आक्रसत आहेत. 2022 साली कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून उक्षी, कशेळीकडे पावलं वळू लागली आहेत. शिल्पाभोवती दगडी गडगा घालता येतो, फुलांभोवती कोण घालणार? तेव्हा पायवाटेनेच जा, शक्यतो दिवस कलताना. वारा पडला की पांढऱ्या फुलांचा वास येऊ लागतो आणि उजेड गेल्यावर पतंग बाहेर पडतात.

तेही चुकलं तर दिवाळीनंतर जा. गवत पिवळं पडलेलं असेल, आमरीचा दांडा वाळून तपकिरी झालेला असेल. बोंडांना चिरा गेलेल्या असतात. टिचकी मारली तर पिठासारखी धूळ उडते. त्यातली थोडी कातळाच्या भेगांत बसते, थोडी कशेळीच्या कातळशिल्पातल्या हत्तीच्या खाचेतल्या चिमूटभर मातीत.