हिशेब द्यावा लागणारी जादू : वास्तवाशी बांधलेली फँटसी

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ इन्नंबूर नावाचे गाव आहे. तेथील शिवाला 'एळुत्तरिनादर', म्हणजे अक्षरे जाणणारा देव, म्हणतात. स्थळपुराण असे सांगते की, राजाने देवळाच्या हिशेबनिसाकडे जमाखर्च मागितला, तो घाबरला, तेव्हा शिवाने त्याचेच रूप घेऊन दरबारात हिशेब दिला.

मराठी वाचकाला येथे मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतील. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले आणि विठ्ठलाने विठू महार होऊन धान्याची किंमत दरबारात भरली. एवढेच नव्हे, पावतीही घेतली. देवाला पावती कशाला हवी? देवाला नको, पण ऐकणाऱ्याला हवी. सरकारी वसुली आणि शिक्षेची भीती त्याच्या ओळखीची असते. चमत्कार त्या व्यवहारात उतरला की पटतो.

वास्तववादी जादूच्या कादंबऱ्यांची ओढ समजून घ्यायला हा धागा उपयोगी पडतो. आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या 'विचर' मालिकेतील गेराल्ट राक्षस मारण्याआधी मोबदल्याची घासाघीस करतो. त्याची शक्तीही वरदान नव्हे. लहानपणी ज्या औषधांनी त्याचे शरीर बदलले, त्यांनी त्याच्याबरोबरची बहुतेक मुले दगावली.

मात्र एक फरक मोठा आहे. इन्नंबूरला आणि मंगळवेढ्याला भक्ताचा हिशेब देव चुकता करतो. या कादंबऱ्यांत तो माणसाला स्वतः चुकवावा लागतो. अर्सुला ले ग्विन यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (1968) मध्ये तरुण गेड ईर्षेपोटी मृताला बोलावतो. त्या फटीतून एक काळी सावली बाहेर येते. गेडच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात आणि ती फट बुजवताना वृद्ध महाजादूगार नेमर्ल प्राण गमावतो. चूक एकाची, किंमत दुसऱ्याचीही. कर्ज, आजारपण, घरातील एखाद्याचा हट्ट यांतून हा अनुभव वाचकाने घेतलेला असतो, म्हणून गेडचे जग परके वाटत नाही.

रक्त आणि चिखल वाढवला की फँटसी वास्तववादी होते, असा समज बराच पसरला आहे. ले ग्विन यांच्या या कादंबरीत रक्तपात फारसा नाही. काही लेखक उलट जादूच्या नियमांची इतकी कोष्टके मांडतात की कादंबरी खेळाच्या माहितीपुस्तिकेसारखी वाचावी लागते; नेमर्लच्या मृत्यूला असे एकही कोष्टक लागत नाही.