तिसवाडी बेटावरील अभिजात वास्तुशैली

ग्रीक-रोमन वास्तुकलेतील स्तंभप्रकार, अर्धवर्तुळाकार कमानी, घुमट व त्रिकोणी शीर्षभाग यांचा गोव्यातील तिसवाडी बेटावरील चर्चवास्तूंत झालेला आविष्कार. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस झुआरी व पूर्वेस कुंभारजुवे खाडी यांनी वेढलेले हे बेट पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकले. तेथील जुने गोवे हे पुढे त्यांच्या पूर्वेकडील साम्राज्याचे राजधानीचे शहर झाले. यूरोपात प्रबोधनकाळात पुनरुज्जीवित झालेली ही शैली ख्रिस्ती धर्मसंघांबरोबर येथे आली.

से कॅथीड्रलचे (प्रारंभ १५६२) बाह्यांग टस्कन, तर अंतर्भाग कोरिंथियन पद्धतीचा आहे. बाँ जेझुस चर्चच्या (१५९४–१६०५) दर्शनी भागात डोरिक, आयोनिक, कोरिंथियन व संमिश्र हे स्तंभप्रकार एकत्र आढळतात. इटालियन थिएटाइन धर्मसंघाने सतराव्या शतकात बांधलेल्या सेंट कॅजेटन चर्चचा आदर्श रोममधील सेंट पीटर्स चर्च हा होय. त्याचा घुमट व दर्शनी भागातील कोरिंथियन स्तंभ ही त्या आदर्शाची खूण आहे.

या शैलीस संगमरवराची जोड येथे मिळाली नाही. स्थानिक जांभा दगड सच्छिद्र असल्याने त्यात सूक्ष्म कोरीवकाम साधत नाही. त्यामुळे भिंती जांभ्याच्या बांधून त्यांवर चुन्याचा गिलावा देण्यात येई. बाँ जेझुसच्या नक्षीकामासाठी काळा दगड वसईहून आणण्यात आला. भूमध्य सागरी प्रदेशातील रूप व कोकणातील सामग्री यांचा हा मेळ येथील वास्तूंचे वैशिष्ट्य ठरला. अर्धवर्तुळाकार कमानी, भित्तिस्तंभ व घुमट हे घटक पुढे फोंडा तालुक्यातील मंगेशी, शांतादुर्गा इ. हिंदू मंदिरांच्या रचनेतही सामावले गेले.

गिलावा हा केवळ अलंकरणाचा भाग नव्हता, सु. ३०० सेंमी. वार्षिक पर्जन्याच्या प्रदेशात तो जांभ्याचे संरक्षक कवच होता. १९५० च्या दशकातील जीर्णोद्धारात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्तझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली बाँ जेझुसचा बाहेरील गिलावा काढण्यात आला. तेव्हापासून पावसाचे पाणी थेट दगडात मुरून त्याची झीज होत आहे. जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंना १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गिलावा पुन्हा द्यावा, अशी मागणी बाँ जेझुसच्या धर्मप्रमुखांनी २०२० मध्ये जाहीरपणे केली. लालसर उघडा दगड हेच या वास्तूचे मूळ रूप, असा समज आता रूढ झाला आहे. तथापि तो वस्तुस्थितीस धरून नाही.